चौदा वलांड्यांचा वास

तेल एडवणच्या किनाऱ्याला लागलं ते आठ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी. त्याआधी दोन दिवस, किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर आत, तेल वाहून नेणाऱ्या एका बार्जला दुसऱ्या जहाजाची धडक बसली होती. बार्ज कोणाचा आणि तेल किती सांडलं, या प्रश्नांची गावात चार उत्तरं होती आणि चारही मोबाइलवर आलेली होती. किनाऱ्यावर जे दिसत होतं त्याबद्दल मात्र दुमत नव्हतं. भरतीच्या रेषेवर हातभर रुंद काळा पट्टा पडला होता. खाडीच्या तोंडाशी तिवरांची मुळं गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. चिखलात निवट्या मासे पोट वर करून पडले होते. शिवल्यांनी शिंपले उघडले होते आणि ते पुन्हा मिटत नव्हते.

पावसाळ्यात डांबराचे गोळे दर वर्षी येतात. गाव त्यांना ओळखतं. पायाला लागले तर रॉकेलच्या फडक्याने पुसतात आणि कामाला लागतात. हे तेल पातळ होतं आणि त्याला वास होता. पहिल्या दिवशी बायकांची डोकी दुखली, मुलांनी ताटं सरकवली. तिसऱ्या दिवशी एक मोठं कासव वाळूत आलं, जिवंत, पण नाकपुड्या तेलाने बुजलेल्या. दुपारपर्यंत ते मेलं. पुरुषांनी त्याला कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि सुरूच्या झाडांमागे खड्डा करून पुरलं. चौथ्या दिवशी तेलाचा तवंग दक्षिणेला सरकला. पाणी निवळलं. वास गेला, असं लोक म्हणू लागले, आणि बोटी पुन्हा दर्यात गेल्या.

एडवणच्या मांगेल्यांच्या आळीत हा बोंबील सुकवण्याचा हंगाम. किनाऱ्यालगत चौदा घरांच्या चौदा वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बांबूच्या खांबांना आडवे दोर बांधून केलेली मांडणी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची. तीन दिवसांचं कोरडं ऊन मिळालं की माल तयार.

माल तयार आहे की नाही, हे आनंदी पागधरे सांगायची. वय अठ्ठावन्न. बोंबील मधोमध मोडायचा, काट्याकडची बाजू नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मग बोलायचं. दवात भिजला असेल तर तिला कळायचं, मिठाच्या पाण्यातून काढला असेल तरी कळायचं. ती 'चोख' म्हणाली की बोईसरचा व्यापारी चिराग गोण्या उघडून बघत नसे. त्याचे वडीलही बघत नसत. ही रीत आनंदीच्या सासूपासून चालत आली होती. सासू गेल्यावर नाकाची जबाबदारी आनंदीवर आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत एडवणची एक गोणीही परत आली नव्हती.

चौदा तारखेला, शुक्रवारी दुपारी, मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर सगळे जमले. दोन दिवसांपूर्वी सरकारी माणसं बर्फाच्या डब्यात मासळीचे नमुने घेऊन गेली होती. अहवाल येईपर्यंत माल विकू नका, असं सांगून गेली होती. सोसायटीचा चेअरमन बळवंत हा आनंदीचा धाकटा दीर. तो उभा राहिला.

"कागद यायला दहा-बारा दिस. वीस तारखेला अमास. एकवीसपासून मार्गशीर्ष. मग बोंबील कोण घेणार? माझा सासरा?"

"तुमचा सासरा तर फुकटातच खातो, काका," शालू म्हणाली. शालूची वलांडी खाडीच्या बाजूला, सातवी. नवरा डोल जाळ्याच्या बोटीवर खलाशी, सासू अंथरुणाला खिळलेली. शालूच्या बोलण्यावर लोक हसले, पण फार वेळ नाही.

बळवंतने पुढचं शांतपणे सांगितलं. एकदा बाजारात 'एडवणचा माल तेलकट' असं नाव पडलं की चिराग गुजरातचा माल उचलणार. मग अहवाल चांगला आला तरी तो दाखवायचा कोणाला?

"मला सरकारचं मशीन म्हायती नाय," तो म्हणाला. "वयनीचं नाक म्हायती हाय. वयनी, तू बोल. तू नाय म्हणालीस तर एक गोणी हलणार नाय."

आनंदीने प्रत्येक वलांडीवरून एक बोंबील आणायला सांगितला. चौदा बोंबील एका सुपात आले. तिने एकेक मोडला, एकेक नाकाशी धरला. घाई केली नाही. खाडीकडच्या तीन वलांड्यांचे दोनदा हुंगले. तिला उन्हाचा वास आला, खाऱ्या वाऱ्याचा आला, सुक्या मासळीचा आला. दुसरा कुठलाच आला नाही.

"चोख हाय," ती म्हणाली.

तिने जे हुंगलं तेच सांगितलं. शनिवारी बावीस गोण्या बोईसरला गेल्या. मंगळवारी दुपारी बारा वाजता दुसरी गाडी येणार होती.

सोमवारी सकाळी नवसी आली. तांदूळवाडीच्या डोंगरामागच्या पाड्यावर तिचं घर, उतारावर पावसाच्या पाण्यावरचं भाताचं एक शेत. भात झोडून झालं की ती दर वर्षी नवे तांदूळ आणि करांद्यांचे कंद घेऊन येई आणि सुके बोंबील घेऊन जाई. नवसीच्या आईने आणि आनंदीच्या सासूने हे सुरू केलं होतं. किती दिलं आणि किती घेतलं, हे त्या दोघींनी कधी मोजलं नाही, या दोघींनीही नाही.

नवसी अंगणात आली ती नाकाला पदर लावून.

"आनंदे, गावात काय जाळलं गं?"

"काय नाय. तेल आलेलं दर्यातून. पण वास गेला, पाच-सहा दिस झाले."

"गेला? माझे डोळे चुरचुरतात."

"तुझ्या पाड्यावर चुलीचा धूर कमी असतो का? तेव्हा नाय चुरचुरत ते?"

नवसी हसली नाही. आनंदीने तिच्यासाठी बांधून ठेवलेली बोंबलांची जुडी तिने हातात घेतली, नाकाशी नेली आणि पायरीवर ठेवून दिली.

"हे मी नातवांना नाय घालणार."

आनंदीला राग आला. एवढ्या वर्षांत तिचा माल असा कोणी खाली ठेवला नव्हता. "अख्ख्या बोईसरला चालतं, तुला नाय चालत? थांब," म्हणत तिने चिरागला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मावशी, माल एकदम ए-वन," चिराग म्हणाला. "एक पण तक्रार नाय. एमआयडीसीच्या खोल्यांमधली लोकं तर किलो-किलो घेऊन गेली. उद्याची गाडी वेळेवर भरा फक्त."

आनंदीने फोन ठेवला. "ऐकलंस?"

"कुठे राहतात गं ही लोकं?"

"कारखान्यांच्या मागे."

"मग त्यांना कशाचा वास येणार?" नवसी पायरीवर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी पयल्यांदा माझ्या आईसंगं इथे आले ते आठवतं? या अंगणात ओकले होते. सुक्याचा वास सोसला नाय. तुझी सासू हसली. म्हणाली, दुपारपर्यंत थांब पोरी, वास जाईल. दुपारी खरंच गेला. मासे कुठे गेले होते? मासे इथेच होते."

गावात सून आली की पहिले पंधरा दिवस नाक मुरडते आणि मग विसरते, हे आनंदीने शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यावर थट्टाही केली होती. ते आपल्या नाकालाही लागू आहे, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. गावात कोणाच्याच आलं नव्हतं. चौथ्या दिवशी वास गेला, असं सगळे एकमेकांना सांगत होते आणि ते सगळे त्याच हवेत उभे होते.

ती उठली. स्वतःच्या वलांडीवरून तीन बोंबील काढून पिशवीत घातले आणि बळवंतकडे गेली.

"मी नवसीकडे जाते. उद्या बाराच्या आत येते. तोवर गाडी भरू नका."

"आता काय झालं?"

"नाक धुऊन येते."

"डोंगरात जाऊन?" बळवंतला थट्टा करावी की रागवावं ते कळेना. "वयनी, शुक्रवारी सगळ्यांसमोर बोललीस. आता मागे फिरलीस तर लोक काय म्हणतील?"

"ते मी आल्यावर ऐकेन."

दोघी एसटीने सफाळ्याला उतरल्या, तिथून रिक्षाने पायथ्याला आणि पुढे पायी. पाड्यावर पोचल्यावर नवसीने आनंदीला घरात घेतलं नाही. आधी विहिरीवर आंघोळ घातली, केस शिकेकाईने धुवायला लावले, स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. आनंदीची साडी आणि बोंबलांची पिशवी दूरच्या आंब्याला टांगली.

"माझ्यावर सुतक हाय का?" आनंदी म्हणाली.

"त्याहून वाईट. सुतक दहा दिसांत फिटतं."

संध्याकाळी त्यांनी नव्या तांदळाची पेज खाल्ली. नवसीच्या घरात शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास होता, भाताच्या पेंढ्याचा होता. आनंदीला ते एकेक वेगळे कळत गेले. लवकरच तिला झोप लागली.

मंगळवारी उजाडल्यावर ती आंब्याकडे निघाली. झाड दहा-बारा पावलांवर असताना ती थांबली. पिशवीपर्यंत जावंच लागलं नाही. वास आधी साडीचा आला. रॉकेलसारखा, पण त्याहून जड, जिभेच्या मागच्या बाजूला चिकटणारा. तिने पिशवी काढून एक बोंबील मोडला. काट्याकडची बाजू नाकाशी नेताना तिचा हात मध्येच मागे आला. दुसरा मोडला. तिसराही मोडला. मग ती तिथेच, दगडावर बसली.

नवसी मागे उभी होती. "आला?"

"आला."

पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती. टेकाडावर चढून आनंदीने पहिला फोन बळवंतला केला. माझा माल खराब आहे, बाकीच्यांचा येऊन बघते, गाडी भरू नका, एवढंच सांगितलं. बळवंत काही बोलण्याआधी तिने फोन बंद केला, कारण दुसरा फोन अवघड होता आणि तोही लगेच करायला हवा होता.

"चिराग, शनिवारचा माल विकू नको."

"म्हणजे? अर्ध्यावर गेला, मावशी."

"गेलेला परत आण."

"कुठून आणू? हजार खोल्या हायेत. कोण कोण घेऊन गेलं, मला काय म्हायती? आणि लोकांनी तर शिजवून खाल्ला पण असेल. उरलेला बाजूला ठेवतो. पण गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"एडवणच्या आनंदीनं चुकीचं सांगितलं, असं सांग."

"मावशी, असं बाजारात बोललं ना, तर पुन्हा तुमच्या फोनवर गाडी कोण पाठवेल?"

"तरी हेच सांग. दुकानाबाहेर लिहून लाव."

साडेदहाला ती एडवणच्या आधीच्या थांब्यावर उतरली. अंगावर नवसीचंच लुगडं होतं. पानवेलींच्या वाड्या संपून किनाऱ्याचा रस्ता लागतो त्या वळणावर वास समोरून आला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सगळीकडे होता. वाळत घातलेल्या कपड्यांना होता, नळावर भरलेल्या हंड्यांना होता. शाळेतून पळत आलेलं एक पोर तिच्या कमरेला बिलगलं, त्याच्या केसांनाही होता. अकरा दिवस ही माणसं याच वासात जेवत होती, झोपत होती.

आपल्याकडे फार वेळ नाही, हे तिला कळत होतं. ती झपझप चालू लागली.

बळवंत आणि बाकीच्या घरांतल्या बायका वलांड्यांपाशी उभ्या होत्या. कोणी 'ये' म्हणालं नाही.

"डोंगरची हवा लागली वाटतं," कोणीतरी मागून म्हणालं. "लुगडंपण तिकडचंच."

आनंदीने सुरुवात स्वतःच्या वलांडीपासून केली. वरच्या दोरावरचा एक, खालच्या दोरावरचा एक. "खराब." पुढची वलांडी. "खराब." तिसरी सुरूच्या आडोशाला होती आणि त्या घराची बोट उत्तरेकडे जाळं टाकायची. तिथे ती थांबली, चार बोंबील मोडले. "हा चोख." चौथी खराब. पाचवी खराब, पाचव्या घरची बाई पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

बळवंत तिच्याबरोबर चालत होता. "वयनी, जरा हळू. नीट बघ."

"हळू नाय जमणार. वास चाललाय."

सहाव्या वलांडीला तिला दोनदा हुंगावं लागलं. तेल होतं, पण लांबून कोणी हाक मारावी तसं. "खराब," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज आधीसारखा ठाम नव्हता आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

सातवी शालूची. शालूने स्वतः बोंबील मोडून धरला होता. काटा वर आलेला, मांस स्वच्छ पांढरं. आनंदीने तो घेतला, डोळे मिटले. उन्हाचा वास आला. खाऱ्या वाऱ्याचा आला. सुक्या मासळीचा आला. तिने डोळे उघडून दुसरा मोडला. मग मागे वळून, धावत गेल्यासारखी, स्वतःच्या वलांडीपाशी गेली आणि तिथला बोंबील हुंगला. तो खराब होता, हे तिने अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. आता त्यालाही उन्हाचा आणि मासळीचा वास येत होता.

ती परत आली.

"बोल ना काकी," शालू म्हणाली.

"मला आता वास येत नाय."

"म्हणजे चोख?"

"म्हणजे मला येत नाय. माल कसा हाय, ते मला म्हायती नाय."

बळवंतने तिला बाजूला घेतलं. पावणेबारा झाले होते. गाडी वळणावर दिसायला लागली होती. "वयनी, वास नाय ना? मग तेवढंच बोल. वास नाय. खोटं थोडंच हाय? सहा तू पाहिल्यास, पाच पडल्या. उरलेल्या तरी जाऊ देत. नायतर कोंबडीच्या खाद्याच्या कुटीवाल्याला तरी देऊ सगळं. कोंबड्यांना काय कळतं?"

"कोंबड्या खातील आणि त्यांची अंडी माणसं खातील. शुक्रवारी मी हेच बोलले होते, बळवंत. वास नाय म्हणाले. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक हाय."

"काकी, माझ्या घरी काय हाय ते तुला म्हायती हाय," शालू म्हणाली. तिचा आवाज चढला. "तिसरीला चोख बोललीस. माझ्याच दारात तुझं नाक मेलं?"

"हो. तुझ्या दारात मेलं."

शालू तिच्याकडे बघत राहिली. थप्पड मारील असं बळवंतला वाटलं. पण तिने वलांडीच्या चार कोपऱ्यांवरून चार बोंबील काढले, कागदात गुंडाळले, पिशवीत घातले.

"कुठल्या पाड्यावर राहते ती नवसी?"

आनंदीने सांगितलं. सफाळ्याला उतर, पायथ्यापर्यंत रिक्षा, आधी आंघोळ, कपडे बदल, पिशवी लांब टांग आणि सकाळपर्यंत थांब. शालू ऐकत होती, मान हलवत नव्हती.

"माझ्या सासूला रात्री कोण बघेल?"

"मी बघते."

आठव्या वलांडीची बाई आपल्या दोराकडे वळली आणि बोंबील काढू लागली. मग दहावीची. बळवंत गाडीकडे गेला. ड्रायव्हरशी तो काय बोलला ते इकडे ऐकू आलं नाही. गाडी मात्र थोड्या वेळाने रिकामी फिरली. तिसऱ्या वलांडीच्या गोण्याही तिने नेल्या नाहीत. एका घराच्या मालासाठी चिरागने नको सांगितलं होतं.

बाराच्या एसटीत तिघी चढल्या. दारातच कंडक्टरने नाक दाबलं. "काय गं बायांनो, रॉकेलचा डबा फोडला का?"

शालू पायरीवर थबकली. तिने मागे वळून आनंदीकडे पाहिलं.

"कपड्यांचा पण असेल," आनंदी खालून म्हणाली. "जा. बघून ये."

गाडी गेली. आनंदी वलांड्यांकडे परतली. सुरूच्या मागे, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी, तिने बळवंतकडून खड्डा खणून घेतला. अडकवलेले जबडे सोडवायला दोन्ही हात लागतात. तिने स्वतःच्या वलांडीच्या वरच्या दोरापासून सुरुवात केली. पहिली जोडी सोडवली आणि सवयीने तिचा हात नाकाकडे गेला. तो तिने खाली घेतला आणि बोंबील टोपलीत टाकले. शालूच्या सासूच्या औषधाची वेळ चारची होती. तोवर दोन दोर रिकामे होणार होते.